सोळा मेगाहर्ट्झचा तंबोरा

(हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



माझ्या हातातली ही निळी पाटी शाळेतल्या मुलांनी ओळखली असेल. हिचं नाव अर्डुइनो उनो. हिच्यावरची ही काळी लांबट चिप म्हणजे एटीमेगा 328पी नावाचा मायक्रोकंट्रोलर. सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके, कामापुरती मेमरी 2 किलोबाइट आणि प्रोग्रॅम साठवायला 32 किलोबाइट, एवढी हिची सगळी मालमत्ता. तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे ती काहीच नाही. तरीही अभंग गाणाऱ्याच्या मागे लावता येईल असा तंबोरा या चिपमध्ये बसतो, असं मी आज हिशेबानिशी मांडणार आहे. कुठे बसत नाही तेही सांगणार आहे. जी माणसं हे काम करतात त्यांना चिपच्या मर्यादा ताकदीइतक्याच तोंडपाठ लागतात.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आपल्याकडे नवा नाही. बेंगळुरूचे जी. राज नारायण हे अभियंता आणि बासरीवादक. त्यांनी 1979 मध्ये तो केला, आणि आज गावोगावच्या कीर्तनात पेटीवाल्याच्या शेजारी अशी एक पेटी वाजत असते. मग घरी का करायचा? कारण विकतचं यंत्र त्याच्या मालकाने ठरवलेल्या सुरात वाजतं. आपण केलेल्या यंत्रातला प्रत्येक सूर आपल्या कानाने ठरवता येतो. ही मुभा मला फार मोलाची वाटते.

आधी वेळेचा हिशेब. चिपमधून आवाज निघतो तो आकड्यांच्या रांगेतून. टिम बॅरस यांनी अर्डुइनोसाठी मोझी नावाची जी प्रोग्रॅमची शिदोरी तयार केली, तिच्यात सेकंदाला 16,384 आकडे बाहेर पडतात. ठोक्यांना या संख्येने भागलं की एका आकड्याच्या वाट्याला येतात 976 ठोके. पाटाच्या पाण्याची पाळी इथे सगळ्यांना माहीत आहे. आपली वेळ संपली की वाफा अर्धा कोरडा असला तरी पाणी पुढच्या शेतात जातं. चिपचंही तसंच आहे. 976 ठोक्यांत चारही तारांची बेरीज तयार झाली नाही, तर सूर तुटतो आणि स्पीकरमध्ये तडतड ऐकू येते.

या ठोक्यांत काय काय परवडतं? बेरीज स्वस्त. आठ बिटांच्या दोन आकड्यांचा गुणाकार दोन ठोक्यांत होतो. भागाकाराची सोय चिपमध्ये मुळीच नाही, तो प्रोग्रॅमने करावा लागतो आणि शेकडो ठोके खातो. दशांश चिन्हाच्या आकड्यांचं गणितही असंच महाग. म्हणून साइन लहरीचे 256 आकडे एकदाच काढून तक्त्यात ठेवतात आणि वाजवताना फक्त तक्ता वाचतात. तक्त्यातून किती वेगाने पुढे सरकायचं, त्यावर सुराची उंची ठरते. हे सरकणं चार बाइटांत मोजलं, तर सुराची पायरी हर्ट्झच्या लाखाव्या भागाहूनही बारीक होते. म्हणजे सूर बारीक लावण्यात ही गरीब चिप कुणालाच हार जात नाही.

आणि सूर बारीक लावता येणं ही आपल्याकडे चैन नाही. सप्तकाचे 1200 भाग केले की त्या एका भागाला सेंट म्हणतात. पेटीवर आणि विकतच्या कीबोर्डवर शुद्ध गंधार 400 सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र 386 सेंटवर आहे. चौदा सेंट ऐकायला थोडे वाटतील. काळी एक पट्टी धरू. तिचा सा 138.6 हर्ट्झ. त्या साचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा सूर, 693 हर्ट्झवर येतो, तर कीबोर्डच्या गंधाराचा चौथा उपस्वर 698.5 वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला साडेपाच आंदोलनं, म्हणजे आवाजाचे चढउतार, होतात. गाणाऱ्याला ती 'सूर घासतोय' अशी जाणवतात. पेटीवर गाऊन वाढलेल्या पोराला वाटतं, आपलाच गळा चुकतोय.

या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जास्त काळ काम चाललं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातून निघालेले स्वर मोजले आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि श्रुतींची पेटी तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या विषयावर वाद झाले. पुढे 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. ती 1971 मध्ये अंशतः उठली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने घडवली.

देवलांबद्दल मला मनापासून आदर आहे. हातात एक तार आणि एक मोजपट्टी घेऊन त्यांनी हे मोजमाप केलं. त्यांच्या पेटीचा अडसर धातूच्या पात्यांत होता. पाती एका सासाठी घासून बसवलेली असते. गाणारा काळी एकवरून पांढरी चारवर गेला की सगळ्या श्रुती जागच्या हलतात. पाती काही जागच्या जागी लांब-आखूड होत नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये हा अडसर उरतच नाही. बावीस गुणोत्तरं, प्रत्येकी चार बाइट, एकूण 88 बाइट. सा बदलला की बावीस गुणाकार करायचे आणि नव्या पट्टीवर सगळ्या श्रुती हजर. देवलांना जे यंत्र हवं होतं त्याचा हा भाग शाळकरी मुलगी एका दुपारी लिहू शकते.

एवढ्याने वाद्य होत नाही. साइन लहरींचा तंबोरा ऐकायला फोनच्या डायलटोनसारखा कोरडा. तार हवी. 1983 मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी तारेची एक विलक्षण युक्ती छापली. मेमरीत काही खाने घ्यायचे आणि त्यांत कसेही वेडेवाकडे आकडे भरायचे. छेडलेली तार ती हीच. मग एकेक आकडा बाहेर पाठवत जायचं, आणि शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी पुन्हा त्याच रांगेत टाकत राहायचं. सरासरी घेता घेता खरबरीतपणा आधी विरतो, मूळ सूर मागे राहतो, आणि तोही हळूहळू मावळतो. खऱ्या तारेतही असंच होतं. यात गुणाकारसुद्धा नाही, एक बेरीज आणि निम्मं करणं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे गणित एखाद्या बंदिशीसारखं सुंदर वाटलं, आजही वाटतं.

आता मेमरी पुरते का पाहू. खाने किती लागतील ते सेकंदाच्या आकड्यांना सुराने भागून निघतं. काळी एकच्या खर्जाला 236 खाने, मंद्र पंचमाला 158, जोडीच्या दोन तारांना प्रत्येकी 118. बेरीज 630. एका खान्याला एकच बाइट दिला तर सरासरी घेताना पुसटसा भाग कापला जातो, आणि तार मावळण्याऐवजी मध्येच मरते. म्हणून दोन बाइट. झाले 1260. चिपकडे आहेत 2048. उरलेल्या 788 मध्ये बाकीचा संसार. चार तारांचा तंबोरा बसला. सतारीच्या तरफा बसणार नाहीत, स्वरमंडळही बसणार नाही.

पण इथेच एक खोच आहे. मघा मी खाने पूर्णांकात सांगितले. खरं उत्तर 118 नाही, 118.2 आहे. खाना तर अर्धामुर्धा मिळत नाही. 118 आणि 119 खान्यांच्या सुरांत जवळजवळ पंधरा सेंटचं अंतर पडतं. एक सप्तक वर गेलं की खाने 59 उरतात, आणि पुढच्या पायरीवर अंतर 29 सेंट होतं. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, असते सुमारे 22 सेंटची. म्हणजे श्रुतीहून मोठ्या ढांगा टाकत सूर लावायचा. ज्या चिपने साइन लहर हर्ट्झच्या लाखाव्या भागापर्यंत लावली, तीच तारेच्या युक्तीत बेसूर ठरते. दोष चिपचा नाही, रांगेच्या लांबीचा आहे. रांगेच्या शेवटी अपूर्णांकाचा एक तुकडा जोडला की तो जातो. तुकडा दोन तऱ्हांनी जोडता येतो. शेजारच्या दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं सोपं, पण त्यात वरचे उपस्वर बोथट होतात. दुसरी रीत ऑलपास फिल्टरची. ती वरच्या उपस्वरांची ताकद तशीच ठेवते. तंबोऱ्याचा सगळा जीव वरच्या उपस्वरांत, म्हणून इथे ऑलपासच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

हा जीव येतो जवारीतून, म्हणजे घोडीवर तार टेकून उठणाऱ्या झणकारातून. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. रामन यांना तंबोऱ्यात तो उपस्वरही खणखणीत ऐकू आला. कारण घोडी. व्हायोलिनची घोडी तारेला एका धारेवर टेकवते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार हलताना तिच्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यात तारेखाली सुताचा धागा. तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज बंद किंवा खुला होतो. मिरजेच्या कारागिरांच्या हातात घोडी घासण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही घोडी 976 ठोक्यांत कशी आणायची? तार खाली गेली की घोडीला लपेटते, म्हणजे क्षणभर आखूड होते. वर गेली की पुन्हा लांब. मग अपूर्णांकाचा तो तुकडा तारेच्या त्या-त्या क्षणीच्या आकड्याप्रमाणे थोडा थोडा बदलत ठेवायचा. वाढतो एखाद-दुसरा गुणाकार. एका तारेला सगळं मिळून दीडशे ठोके धरले तर चार तारांना सहाशे. पाळीत बसतं. बदल किती ठेवायचा तो आकडा एका बटणाला जोडावा. ते बटण फिरवलं की धागा सरकवल्यासारखी जवारी उघडत जाते. हुबेहूब मिरजेची होत नाही. खऱ्या घोडीवर तार हजार बारीक तऱ्हांनी टेकते, इथे एका आकड्यात सगळं कोंबलेलं असतं. पण कोरडा आवाज जातो आणि गाणाऱ्याला वरचा गंधार ऐकू येतो.

उनोची सर्वांत कडक मर्यादा याच्यापुढे आहे. आकडा चिपमध्ये तयार झाला, तो बाहेर न्यायचा कसा? या चिपकडे त्यासाठी खास सोय नाही. चिपचा एक पाय, म्हणजे पिन, झपाट्याने चालू-बंद करून सरासरी विद्युतदाब तयार करावा लागतो. त्यातून 256 पायऱ्या मिळतात. चार तारा एकत्र केल्या की प्रत्येकीच्या वाट्याला 64. तारेचा आवाज सोळाव्या हिश्श्यावर आला की उरल्या चार पायऱ्या. ढोलाला एवढं चालून जातं, त्याचा सगळा जोर पहिल्या तडाख्यात असतो. तंबोरा म्हणजे मावळत जाणारा सूर, आणि त्या मावळण्यातच खरखर शिरते. यावर मोझीतला उपाय स्वस्त आणि हुशार आहे. दोन पाय वापरायचे. एकावर 3.9 किलोओह्मचा रेझिस्टर, दुसऱ्यावर 499 किलोओह्मचा. दुसरा पहिल्याच्या सुमारे 128 पट. पहिल्या पायाने मोठ्या पायऱ्या द्यायच्या, दुसऱ्याने मधल्या बारीक. पायऱ्या झाल्या 16,384. प्रत्येक तारेला 4096. काही रुपयांच्या दोन रेझिस्टरांनी जो फरक पडतो तो कानाला लगेच कळतो.

विजेचंही सांगतो, कारण इथे भारनियमन आहे. स्वस्त मोबाइल चार्जरवर लावलं की आवाजात गुणगुण येते. पॉवर बँक चांगली, पण पुष्कळशा पॉवर बँका ओढ कमी असली की फोन भरला असं समजून आपोआप बंद होतात. बिचारी पाटी फारच कमी वीज खाते. अशा वेळी साधे सेल बरे.

ठेक्याबद्दल इथल्या भजनी मंडळाने विचारलं होतं. तबल्याचं ध्वनिमुद्रण याच वेगाने, एका आकड्याला एक बाइट, असं साठवलं तर 32 किलोबाइटमध्ये दोन सेकंद मावतात, आणि त्यातही प्रोग्रॅमला जागा हवी. अशक्य वाटतं ना? पण आपले बोलच काटकसरी आहेत. धा म्हणजे ना आणि गे एकत्र, धिं म्हणजे तिं आणि गे एकत्र. चार-पाच मूळ बोल साठवले की धुमाळी, केरवा, दादरा तयार. गे वाजताना वाचण्याचा वेग हळू हळू बदलला की बायाँची घुमारही येते. तंबोरा आणि ठेका दोन्ही एकाच उनोवर मात्र मागू नका. दोन पाट्या घ्या.

मोठ्या चिपांवर थोडक्यात. 2021 मध्ये आलेल्या आरपी2040 ला 133 मेगाहर्ट्झ आणि 264 किलोबाइट, ईएसपी32 ला 240 मेगाहर्ट्झ आणि 520 किलोबाइट, टीन्सी 4.0 ला 600 मेगाहर्ट्झ आणि एक मेगाबाइट. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेची थेजस32 ही भारतीय चिप 100 मेगाहर्ट्झची. सीडीच्या दर्जाचा, सेकंदाला 44,100 आकड्यांचा आवाज धरला तर आरपी2040 च्या एका गाभ्याला दर आकड्यामागे सुमारे 3000 ठोके मिळतात, ईएसपी32 ला 5400, टीन्सीला 13,600. चार तारांचे तीस-तीस उपस्वर वेगवेगळे वाजवायचे आणि एका उपस्वराला चाळीस ठोके धरायचे, तर लागतात 4800. टीन्सीत आरामात, ईएसपी32 मध्ये दाटीवाटीने, आरपी2040 च्या एका गाभ्यात नाही. मंदिराच्या सभामंडपासारखी घुमण हवी तर एक सेकंद आवाज आठवणीत ठेवायला 88,200 बाइट लागतात, म्हणून उनोत तो विचारच करायचा नाही.

आणि जे चिपला जमत नाही ते बाहेर ठेवावं, ही या धंद्यातली जुनी शहाणी रीत आहे. 1983 च्या यामाहा डीएक्स7 मध्ये स्वर निर्माण करायला यामाहाच्या खास चिपा होत्या, आठ बिटांचा प्रोसेसर कळफलकाकडे आणि बटणांकडे पाहायचा. पॅरिसच्या एमिली जिले यांनी केलेल्या सिंथेसायझरांची नावं श्रुथी, अंबिका, अनुश्री. त्यांतल्या श्रुथीमध्ये एटीमेगा 644पी आहे, आपल्या उनोच्या चिपची थोरली बहीण. लहर ती चिप तयार करते, आणि आवाज गाळून गोड करणारा फिल्टर बाहेर, साध्या अॅनालॉग सर्किटात. आपणही घुमण चिपकडे मागू नये. मिरजेच्या वाद्यांना पंढरपूर भागातले भोपळे लागतात. छोटा स्पीकर तशा वाळक्या भोपळ्यावर बसवून पाहा.

हाताची मर्यादा मात्र कुठलीच चिप ओलांडत नाही. बटण म्हणजे चालू नाहीतर बंद. फिरवायचं बटण उनो 1024 पायऱ्यांत वाचतो. एका सप्तकाला ते दिलं तर पायरीला सव्वा सेंटही पडत नाही, म्हणजे मींड काढता येते. पण गंधारावर किती रेंगाळायचं, आंदोलन केव्हा द्यायचं, हे त्या बटणाला माहीत नसतं, आणि बावीस आकड्यांच्या तक्त्यालाही नसतं. दरबारीचा गंधार एका आकड्यावर थांबतच नाही. म्हणून मी तंबोरा निवडला. तो चळत नाही, आणि त्याने चळू नये हीच अपेक्षा असते. सप्ताहात रात्रंदिवस वीणा घेऊन उभा राहणारा विणेकरी या यंत्राने हलवायचा नाही, हे मी इथल्या वारकरी मंडळींना आवर्जून सांगतो. ही पेटी रियाजासाठी आहे. ज्या घरात तंबोरा घ्यायची ऐपत नाही त्या घरातल्या मुलीसाठी आहे.

उद्या शाळेत मुलं हे जोडायला बसणार आहेत, त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट. मूळ उनो आर3 वर चकचकीत धातूची डबी दिसते, ते क्रिस्टल. पण ते यूएसबी सांभाळणाऱ्या चिपचं आहे. आपल्या मुख्य चिपचे ठोके छोट्या सिरॅमिक रेझोनेटरवर चालतात, आणि त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो. अर्धा टक्का म्हणजे साडेआठ सेंट. चारही तारा एकदमच सरकतात, त्यामुळे तंबोरा स्वतःशी सुरेल राहतो, पण शेजारच्या पेटीशी भांडतो. क्रिस्टलवर चालणारी पाटी घेतली तर हा फरक सेंटच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. तरी गावातल्या पेट्या तरी कुठे एका सुरात आहेत? जुन्या पात्या, धूळ, दुरुस्त्या, प्रत्येक पेटीचा काळी एक थोडा वेगळा. म्हणून यंत्राला वीस सेंट वर-खाली करणारं एक बटण ठेवा. पेटीचा सा दाबून धरा आणि जोडीची तार वाजवा. आंदोलनं मोजत बटण फिरवा. आंदोलनं लांबत जाऊन दहा-बारा सेकंदांना एक उरलं की काळी एकवर तुम्ही एका सेंटच्या आसपास आलात. मग त्या पेटीवर पेन्सिलीने बटणाचा आकडा लिहून ठेवा, आणि राजूरकडच्या, भोकरदनकडच्या मंडळांच्या पेट्याही अशाच मोजून आणा.